मानाचं पान

राग धरून ठेवणं हेही एक कष्टाचं काम आहे आणि ते सगळ्यांना झेपत नाही. चारचौघांचा राग दोन-तीन वर्षांत विटतो, मग माणूस ‘जाऊ द्या, झालं गेलं’ म्हणत मोठ्या मनाचा होऊन फिरतो. पडेगावच्या चतुराबाईनं असलं मोठेपण कधी अंगाला लावून घेतलं नाही. तिनं आपला राग वीस-बावीस वर्षं लोणच्यासारखा राखला, त्याला ओला हात म्हणून लागू दिला नाही. कुणी म्हणालं, “सोडा की आता,” तर ती अशी बघायची की त्या माणसाला वाटावं, चुकलं ते आपलंच.

हा राग एका माणसावर होता आणि एका इमारतीत जन्मला होता. माणसाचं नाव विश्वजीतराव. इमारत म्हणजे औरंगपुऱ्यामागच्या बोळातली रुईची वखार. निजामाच्या राजवटीत कुणा कापसाच्या व्यापाऱ्यानं ती बांधली. काळ्या दगडाचे खांब, वर विटांच्या कमानी, आणि रुईनं भरलेली बैलगाडी न अडखळता आत जाईल असा दरवाजा. पुढं कापूस गेला, काही दिवस तिथं ज्वारीची पोती राहिली, मग विश्वजीतरावांच्या वडलांनी वखार विकत घेऊन तिचं मंगल कार्यालय केलं. शहरातल्या निम्म्या लोकांची लग्नं त्या कमानींखाली लागली असतील.

नवरा वारल्यावर चतुराबाई तिथं भांडी घासायला लागली. एक पोर पदरी होती, सुरेखा. भांड्यांवरून ती वाढपात आली आणि वाढपातून वाढपी बायांची मुकादम झाली. तिची चालच अशी होती की हातात बादली असो की तुपाचं तामलं, पंगतीतल्या शेवटच्या माणसाला वाटावं, ही माझ्याकडंच यायलीय. तिच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं नाही, हे ती स्वतःच सांगायची आणि दहा वेळा सांगायची. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याला जेवायला घातलं त्यानं एवढी फुशारकी मारली तर मारू द्यावी.

पंगतीचे कायदे असतात. मीठ आधी, तूप शेवटी. सगळी पानं भरल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. एक पान रिकामं असलं तरी अख्खी पंगत हात मांडीवर ठेवून बसते. पंगतीच्या तोंडाशी, रांगोळी काढलेलं असतं ते मानाचं पान, आणि तिथं मुकादम स्वतः वाढते, दुसऱ्या कुणी वाढलेलं चालत नाही. आणि सगळ्यांत वरचा कायदा असा की पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. वैरी असला तरी त्याला जेवून हात धुऊ द्यायचा, मग काय फोडायची ती डोकी फोडा.

तर उन्हाळ्यातलं एक लग्न होतं. नवरदेवाकडची मंडळी कुठल्याशा पुढाऱ्याच्या नात्यातली, सकाळपासून मिशीला पीळ देऊन फिरणारी. पाहुण्यांच्या पंगती उठल्या, वाढपी बाया थकून भागून शेवटी आपल्या पंगतीला बसल्या, आणि तेवढ्यात आतून ओरड झाली की नवरदेवाच्या मामीचा पोहेहार गेला. विश्वजीतराव तेव्हा तिशीचे होते. वडलांनी नुकताच कारभार हाती दिला होता आणि तो पेलतो हे त्यांना चार लोकांना दाखवायचं होतं. ते तरातरा आले. मागं सगळं वऱ्हाड.

चतुराबाईनं वरणभात कालवला होता. घास हातात होता.

“ऊठ,” विश्वजीतराव म्हणाले.

“जेवून उठते, मालक. पानावर हाय म्या.”

“ऊठ म्हणतो ना! गाठोडं कुठाय तुझं?”

ती उठली. खरकट्या हातानं तिनं गाठोडं सोडलं. त्यात बुंदीचे लाडू निघाले आणि कागदात बांधलेल्या पुऱ्या. उरलेलं वाढप वाढप्यांनी घरी न्यायचं ही तिथली रीतच होती. विश्वजीतरावांचे वडील तर स्वतः म्हणायचे, पोरांना न्या गं. पण चोरीचा आळ घेऊन सोडलेल्या गाठोड्यात लाडूसुद्धा चोरीचाच दिसतो. वऱ्हाडातल्या कुणीतरी ‘बघा, बघा’ म्हटलं. मग तिला पदर झटकायला लावला, त्या सगळ्या पुरुषांसमोर. हार निघाला नाही. विश्वजीतराव म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

हार मामीच्याच पिशवीत, टॉवेलच्या घडीत सापडला, हे चतुराबाईला कळायला महिना गेला. तेही बद्रीनाथ आचाऱ्यानं बाजारात भेटल्यावर इकडंतिकडं बघत सांगितलं. वखारीतून ना निरोप आला, ना माणूस. तोवर ‘लाडूचोर चतुरी’ हे नाव पडेगावपर्यंत येऊन पोचलं होतं. सुरेखाची खुलताबादकडं सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती. त्या लोकांनी काहीबाही कारण काढून ती मोडली. चतुराबाई तीनदा वखारीच्या दरवाजाशी जाऊन आली. तिला पैसा नको होता, काम नको होतं. मालकानं चार माणसांत एवढंच म्हणावं, की चतुराबाईनं चोरी केली नाही. तीनही वेळा मालक कामात होते.

सुरेखाचं पुढं एका बिजवराशी लागलं. तो माणूस वाईट नव्हता पण आजारी होता, चार वर्षांत गेला, आणि सुरेखा आईकडं परत आली ती कायमची. ती आता वाळूजला एका कंपनीत कामाला जाते. चतुराबाईनं दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या, कँटीनमध्ये भाज्या चिरल्या, पण पंगत म्हणून पुन्हा वाढली नाही. देवाच्या भंडाऱ्यालासुद्धा नाही.

मग काळ बदलला आणि त्यानं विश्वजीतरावांनाही जरा हिसका दाखवला. शहराबाहेर मोठमोठे लॉन झाले. बोळातल्या वखारीत लग्न कोण करतो, जिथं नवरदेवाची घोडी वळवायला जागा नाही? कार्यालय बंद पडलं. खांबांवर कबुतरं बसायला लागली. दुसरा कुणी असता तर बिल्डरला विकून मोकळा झाला असता, पण विश्वजीतरावांना पैशापेक्षा नावाची भूक जास्त. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की जुन्या इमारतींची आता कलाकेंद्रं होतात, आणि मग पेपरात फोटो येतात. झालं. चुन्याची डागडुजी झाली, स्टेज तोडलं, कमानींखाली लोखंडी रुळ बसवले. रुळांवरून सरकणाऱ्या भिंती आल्या. आज चित्रं टांगा, उद्या भिंती ढकलून नाटक करा, परवा सगळं आवरून नुसती रिकामी जागा बघायला तिकीट लावा. नाव ठेवलं ‘द वखार’. वखारीच्या आधी तो ‘द’ कशाला लागतो हे औरंगपुऱ्यातल्या एकाही दुकानदाराला सांगता आलं नाही, पण सगळे तसंच म्हणायला लागले.

केंद्र चालवायला अपेक्षा नावाची मुलगी नेमली. छावणीतल्या निवृत्त सुभेदाराची लेक, बडोद्याला चित्रकला शिकून आलेली, बोलायला गोड आणि डोक्यात सतत काहीतरी शिजणारी. तिला उद्घाटनाला फीत कापायची नव्हती. तिनं ठरवलं की इथं जे चाळीस वर्षं झालं तेच कला म्हणून दाखवायचं. म्हणजे पंगत. जुनेच वाढपी, जुनाच आचारी, पत्रावळी, पाट, सगळं तेच. बद्रीनाथ आचाऱ्यानं तिला पडेगावचा पत्ता दिला.

चतुराबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. अपेक्षानं सगळं समजावलं. चतुराबाई ऐकत होती पण हात थांबले नव्हते.

“मंजी लोकायनी जेवायचं, आन् बाकीच्यायनी तिकीट काढून ते बगायचं?”

“तिकीट नाही, मावशी. पण हो, बघायचं. प्रत्येक पानावर वरून एक बारीक माईक सोडणार आहे. वाढपाचा आवाज, भुरक्याचा आवाज, सगळा हॉलभर ऐकू येईल.”

“जेवताना आवाज करू नको म्हून आमी पोरायला हानायचो,” चतुराबाई म्हणाली. “नाय बाई. त्या जागेत म्या पाय ठिवनार नाय. दुसरी बग.”

अपेक्षा उठायला लागली. उठता उठता हिरमुसून म्हणाली, “विश्वजीतसर पण म्हणत होते, जुनी माणसं असली तर मजा येईल. त्यांना मानाच्या पानावर बसवणार आहे मी.”

लसणाची पाकळी चतुराबाईच्या बोटात तशीच राहिली.

“मालक बसनार? पयल्या पंगतीला?”

“हो. का?”

ही चूक अपेक्षाची नव्हती. तिला बिचारीला काय ठाऊक? चूक विश्वजीतरावांची होती. ज्याच्या घरचं जेवण, तो पहिल्या पंगतीला कधी बसत नाही. तो उपाशीपोटी पंगतीतून फिरतो, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत आग्रह करतो, आणि सगळे जेवले की शेवटी बसतो. हे ज्यानं हजार लग्नं बघितली त्या माणसाला माहीत नसेल असं नाही. पण फोटोवाले पहिल्या पंगतीलाच येणार होते. आणि यातली खोच चतुराबाईसारखीलाच कळणार. यजमान उभा असतो तोवर तो वाढप्यांचा मालक असतो. एकदा तो पाटावर बसला, की त्याच्या पानात काय पडायचं आणि कधी पडायचं हे वाढणारीच्या हातात जातं.

चतुराबाईनं अपेक्षाला यातलं काही सांगितलं नाही. “येते म्या,” ती म्हणाली. “पर पंगतीत माजं चालंल. मधी कुनी बोलायचं नाय.”

“अगदी!” अपेक्षा खूश होऊन म्हणाली. “मी तसा नियमच करते. वाढणारे म्हणतील तसं.”

संध्याकाळी कंपनीतून आल्यावर सुरेखानं हे ऐकलं आणि डबा आपटला. “काय करायचं डोस्क्यात हाय तुज्या, खरं सांग.”

“पंगत वाढायचीय.”

“आई, म्या काय कुकुलं बाळ हाय का? त्या मानसाच्या नावानं तू रोजची भाकर कडू करून खातीस, आन् मला बी खायला लावतीस. सोयरीक माजी मोडली ना? मंग मलाच नाय राग, तर तुला कामून?”

“तुला नाय, हे तुपलं चांगलंपन,” चतुराबाई म्हणाली. “मला हाय. आन् तू बी चल. पंगतीत बस.”

तालमीच्या दिवशी विश्वजीतराव समोर आले. पोट सुटलं होतं, केसांना काळा रंग लावला होता. त्यांनी चतुराबाईला ओळखलं, हसले आणि शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, “ही चतुराबाई. आपल्या घरचंच माणूस. काय चतुराबाई, बरंय ना?” जणू काल-परवाच तिनं सुट्टी घेतली होती. त्या हसण्यात ना खंत होती, ना संकोच. तिनं इतकी वर्षं कल्पना केली होती की हा माणूस आपल्याला बघून मान खाली घालेल. त्यानं खांद्यावर हात ठेवला. चतुराबाई घरी जाईपर्यंत तो खांदा पदरानं पुसत होती.

उद्घाटनाला वखार दिव्यांनी न्हाली होती. सरकत्या भिंती कडेला ढकलून मधला सगळा चौक मोकळा केला होता आणि तिथं दोन ओळींत पाट मांडले होते. भोवती खुर्च्यांवर शहरातली बडी मंडळी, कलाकार, पत्रकार, उभ्यानं बघणारे कॉलेजचे घोळके. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. अपेक्षानं चार शब्दांत नियम सांगितले. वाढणारे करतील तसं होऊ द्यायचं. सगळी पानं भरेपर्यंत कुणी जेवायचं नाही.

विश्वजीतराव पांढऱ्या जाकिटात मानाच्या पानावर बसले. रांगोळी, समया, बाजूला उदबत्ती. सुरेखा दुसऱ्या ओळीत कोपऱ्यात बसली होती, आईकडं न बघता.

चतुराबाईनं आधीच बायांना बजावून ठेवलं होतं: पहिलं पान माझं, त्याला कुणी हात लावायचा नाही. रीतच ती, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. मीठ घेऊन ती आली आणि मानाचं पान सोडून पुढच्या पानावर वाढून गेली. विश्वजीतरावांना वाटलं, राहिलं चुकून. मग लिंबू आलं, चटणी आली. मग बटाट्याची भाजी, मग पुऱ्या. प्रत्येक वेळी चतुराबाईची बादली त्यांच्या पानावरून हवेतल्या हवेत पुढं सरकली.

“अगं चतुराबाई, इकडं राहिलं,” ते हसत म्हणाले. वरच्या माईकमुळं ते हॉलभर ऐकू गेलं. खुर्च्यांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, वा, काय कल्पना आहे.

चतुराबाईनं मान वर केली नाही. वरणभात आला, बुंदी आली. सगळ्यांच्या पत्रावळी भरल्या आणि मानाचं पान धुतलेलं होतं तसंच हिरवं, रिकामं. नियमाप्रमाणं पंगत हात मांडीवर ठेवून बसली. भाताच्या वाफा विरायला लागल्या. बद्रीनाथ आचारी दाराआडून बघत होता. त्याला कळलं होतं, पण तो नेहमीसारखा दाराआडच राहिला.

मग चतुराबाई तुपाचं तामलं घेऊन आली. सगळ्यांच्या भातावर तूप सोडलं आणि शेवटी मानाच्या पानासमोर येऊन उभी राहिली.

“उठा,” ती म्हणाली.

“काय?”

“पानावरून उठा, मालक. काय काय घेतलंय ते दावा.”

विश्वजीतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं पण त्यामागचा माणूस निघून गेला. त्यांना आठवलं. चतुराबाईनं ते त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर हातातलं तामलं हलकं झालं. विसरला नव्हता तर. नुसता झाकून बसला होता.

भोवती दोनशे डोळे, वर कॅमेरे. उठावं तर हसं, न उठावं तर त्याहून हसं. कलेला दाद देणारा मोठा माणूस व्हायचं तर खेळात सामील व्हायला हवं होतं. ते उठले. जाकिटाच्या खिशातून मोबाईल काढला, गाडीची किल्ली काढली.

“खिसे उलटे करा,” चतुराबाई म्हणाली. “झटका.”

त्यांनी खिसे उलटे केले. पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट पडलं, आणि डॉक्टरांनी आणि बायकोनं बंद करायला लावलेल्या गुटख्याची पुडी पडली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या खुर्चीतल्या त्यांच्या बायकोनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

विश्वजीतराव पुढं वाकले आणि दात आवळून हळू आवाजात म्हणाले, “झालं ना तुझं समाधान? पुरे आता. मी तुला कधी चोर समजलो नव्हतो. हार तर तुला उठवायच्या आधीच सापडला होता.”

त्या माणसाला खरंच वाटलं की आपण हिला दिलासा देतोय. माईकचं त्यांना भानच राहिलं नाही. त्यांचा कुजबुजता आवाज कमानींखालून फिरत सगळ्या हॉलला गेला.

टाळ्या थांबल्या.

चतुराबाईला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिनं एवढंच धरलं होतं की घाईत, चुकून, आळ आला आणि नंतर कुणी तो उतरवला नाही. सगळा राग त्या ‘नंतर’वर होता. “आदी?” ती म्हणाली. “घास माज्या हातात व्हता, तवा तुमाला माहीत व्हतं?”

“वऱ्हाड पेटलं होतं गं. त्यांच्याच पिशवीत निघाला हे चार-दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते शरमेनं आणखी चिडले होते. कुणाला तरी दटावल्याशिवाय ते शांत झाले नसते. तुझ्या गाठोड्यात काही निघणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तर तुला उठवलं.”

आता ते कुजबुजत नव्हते. आपलं म्हणणं पटवायच्या नादात ते उघड बोलत होते आणि शेवटचं वाक्य संपल्यावर त्यांना आपला आवाज छतातून परत ऐकू आला. त्यांनी वर बघितलं. मग लोकांकडं बघितलं. कुणीतरी एकट्यानं टाळी वाजवली आणि लाजून थांबला.

चतुराबाईच्या मनात आलं की तामल्यातलं उरलेलं तूप ह्याच्या डोक्यावर ओतावं. हात वर गेलासुद्धा. पण समोर पन्नास माणसं भरल्या पानावर बसली होती, भात निवत होता, आणि त्यांनी हिचं काही वाकडं केलं नव्हतं. तिनं तामलं खाली ठेवलं. वाकून मानाच्या पानाची ती कोरी पत्रावळ उचलली, तिची चौघडी घातली आणि काखेत मारली. पाट पायानं बाजूला सारला. आता पंगतीत एकही पान रिकामं नव्हतं.

“सावकाश होऊ द्या,” तिनं मोठ्यानं म्हटलं. हे म्हणायचा मान मालकाचा.

कुणाचाच हात पुढं येईना. कला चालू आहे की संपली हे कुणाला कळत नव्हतं. तेव्हा कोपऱ्यातल्या सुरेखानं भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. तिचे डोळे गळत होते आणि ती खात होती, ते माईकमधून सगळ्यांनी ऐकलं. मग शेजारची जेवायला लागली, मग सगळी ओळ. विश्वजीतराव उलट्या खिशांनी मध्ये उभे होते. थोड्या वेळानं ते तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अंगावर काटा आणणारं सादरीकरण’ असं छापून आलं. मोबाईलवरून तो प्रसंग शहरभर फिरला आणि शहराचे दोन तट पडले. एक म्हणे, सगळं ठरवून केलेलं, विश्वजीतरावांचा अभिनय काय सुंदर! दुसरा म्हणे, कसला अभिनय, माणसाचा रंग बघा उडालेला. अपेक्षा धावत पडेगावला आली. आधी तिनं चतुराबाईचे पाय धरले, आपल्याला काही माहीत नव्हतं म्हणून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, मावशी, हे दर शनिवारी करू या का? मालकाच्या जागी एखादा नट बसवू.

“नट कशाला? मालक सोता येत आसतील तर रोज करते,” चतुराबाई म्हणाली.

पंधरवड्यानं मालक स्वतः आले, पण वखारीत नाही, पडेगावला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, हातात शाल आणि नारळ घेऊन, दुपारच्या उन्हात चालत. सुरेखानं खुर्ची टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. विश्वजीतराव बरेच उतरले होते. काळा रंग न लावल्यानं केस मुळाशी पांढरे दिसत होते.

“चतुराबाई, घरात बायको धड बोलत नाही. बाजारात गेलो तर पोरं मला बघून खिसे उलटे करतात,” ते म्हणाले. “औरंगपुऱ्यात माझ्या वडलांना लोक उठून नमस्कार करायचे.”

चतुराबाईनं लसणाची परडी पुढ्यात ओढली आणि सोलायला घेतली.

“अर्ध्या लोकांना वाटतंय ते नाटकच होतं. बाकीच्यांनाही वाटेल. फक्त तू एकदा सांग, की आपण हे आधी ठरवलं होतं. अपेक्षा मोबाईलवर घेईल. एवढंच. शाल आणलीय, घर बांधायचं असेल तर तेही बघू.”

“कुनी इचारलं तर म्या काईच सांगनार नाय,” चतुराबाई म्हणाली. “नाटक व्हतं बी म्हननार नाय, खरं व्हतं बी म्हननार नाय. गप बसन. लोकायला काय समजायचं ते समजू द्या.”

“असं कसं? अगं, माझी अब्रू जायलीय. एक शब्द तर बोलायचाय तुला!”

“व्हय, एकच शब्द,” चतुराबाई म्हणाली. “इतकी वर्सं तुमच्याच खिशात पडून व्हता, मालक. तवा काढला आसता तर माज्या पोरीचा संसार झाला आसता.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मग सुरेखा चहा घेऊन बाहेर आली. विश्वजीतरावांनी तिच्याकडं बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. सुरेखानं कप खुर्चीजवळ खाली ठेवला, शाल आणि नारळ उचलला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांच्या गाडीत ठेवून आली.